अण्णा, तुझा हात आणि माझा

अण्णा, आज तुझा तेरावा झाला. तेरा दिवस घरात येणारा प्रत्येक माणूस तुझं चांगलंच बोलून गेला. बाप गेल्यावर धाकट्या भावाला वाढवलं, मागावर कधी खाडा केला नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही. मी सगळ्यांना चहा दिला, मान डोलावली आणि गप्प बसलो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण जिवंत होतास तेव्हा मोठा भाऊ म्हणून बोलू दिलं नाहीस, आणि आता गेलास म्हणूनही बोलायचं नाही, हे कसं चालेल? तेव्हा हे लिहून काढतो आहे. उजव्या हातानं लिहितो आहे, हे मुद्दाम सांगतो. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं.

सुरुवात त्या सकाळपासूनच करावी लागेल. तो विषय निघाला की तू उठून परड्यात जायचास. आता ऐकून घे.

दुसरी लढाई पेटली होती आणि सूत मिळेनासं झालं होतं. वडगावातले निम्मे माग बंद पडले होते. तू कुठून तरी एका ताण्यापुरतं सूत मिळवलंस, आणि दिवस उजाडताच आपण पांजणीसाठी ताणा गल्लीत लांबवला. उभ्या धाग्यांना पेजेची खळ लावायची आणि ऊन चढायच्या आत कुंचा फिरवून ते सुटे करायचे, एवढंच काम. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी. ताण्याचा दोर खुंटीला बांधायचा असतो. पण खुंटीला बांधला की ताण कमीजास्त करायला वेळ जातो, म्हणून आपल्या घरात तो मनगटाला वेढा देऊन धरायची रीत. ही रीत मला तूच शिकवलीस, मी दहा वर्षांचा असताना. हे पुढं मी तुला किती वेळा सांगितलं, आणि दर वेळी तू म्हणालास, "मी शिकवलं म्हणून काय झालं? खुंटी दिसत नव्हती व्हय तुला?"

गुळाच्या गाडीचा एक बैल बिथरून गल्लीत घुसला. त्याचं शिंग ताण्यात अडकलं आणि दोर माझ्या उजव्या मनगटावर आवळला. मनगट एकदा फिरवलं असतं तर वेढा निघाला असता. तेवढी सवड होती, मला चांगलं आठवतं. पण पलीकडून तू ओरडलास, "सोडू नको रं शिवा." मी सोडला नाही. एकोणीस वर्षांचा होतो, आणि तुझा शब्द मोडायची सवय नव्हती. बैल निघून गेला तेव्हा ताण्याचे पंचवीस-तीस धागे तुटले होते आणि माझं मनगट चेंगरलं होतं. तू आधी ताण्याकडे धावलास. सगळ्या गल्लीनं ते बघितलं.

त्या ताण्यावर घरातली सात तोंडं दोन महिने जेवली, हे मी नाकारत नाही. त्यात माझंही एक तोंड होतं. पण एकदा तरी म्हणायचंस, शिवा, माझं चुकलं. मला दुसरं काही नको होतं. मी विचारलं की तुझं एकच ठरलेलं उत्तर, "ताणा वाचला न्हवं?"

हाड जुळलं. बोटं मात्र वळेनात. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काही केल्या एकमेकांपाशी येईनात, आणि विणकराचं सगळं तर त्या दोन बोटांवर. मागावरचा जुना ताणा संपत आला की त्याच्या टोकांना नव्या ताण्याची टोकं जोडायची, बोटांना राख लावून, दोन-दोन धागे धरून पीळ द्यायचा. ती सांधणी ज्याला येत नाही त्यानं मागाजवळ जाऊ नये, हे तुझंच म्हणणं. चौथ्या महिन्यात तू माझ्या मागावर वहिनीच्या भावाला, मल्लूला, आणून बसवलंस. मला दारात घोंगडं अंथरून दिलंस आणि म्हणालास, "बस निवांत. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघ." खानापूरकडची सोयरीक ठरल्यात जमा होती, त्यांचा नकार आला. "हातच न्हाय तर पोरगी कोण देणार," असं तू वहिनीला म्हणालास. मी तुमच्यापासून चार हातांच्या अंतरावर बसलो होतो.

आणि हा तोच तू. संकेश्वरच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं मी विणलेलं पहिलं लुगडं चोळामोळा करून बघितलं आणि नाक मुरडलं, तेव्हा काही न बोलता सगळं गाठोडं परत बांधलंस. एकही लुगडं न विकता आपण चालत निघालो. वाटेत मी रडवेला झालो होतो. तू म्हणालास, "माझ्या भावाच्या हाताला नाव ठेवणाऱ्याला माल न्हाय द्यायचा." त्या दिवशी तुझ्यासाठी मी जीव दिला असता. दारातल्या घोंगड्यावर बसून मला सारखा तोच बाजार आठवायचा आणि तुझा जास्तच राग यायचा.

दारात बसून येणारे-जाणारे बघायचं मी पंधरा दिवस केलं. मग उठलो आणि हाताची सोय लावायला बेळगाव पालथं घातलं. शहापूरच्या वैद्यानं तेल दिलं. तालमीतल्या वस्तादानं ते तेल जिरवून दिलं आणि कळा चौपट केल्या. एका डॉक्टरनं हात उजेडात धरून नीट बघितला आणि सरळ सांगितलं, "हाड चांगलं बसलंय. बोटांना औषध न्हाय माझ्याकडं." त्या माणसाला मी मनातून दुवा दिला, कारण तो खोटं बोलला नाही. माझी अडचण अशी होती की मला काय पाहिजे ते मागायला शब्दच नव्हता. हात बरा करणारे ढीगभर होते. मला हाताला पुन्हा काम शिकवणारा माणूस पाहिजे होता, आणि असं विचारलं की लोक म्हणायचे, काम शिकवणारा म्हणजे मास्तर काय? तूसुद्धा हसलास. "हात काय शाळंत घालायचाय व्हय?"

शेवटी तो सापडला रताळ्यांच्या बाजारात. बेळगुंदीचा एक पेन्शनर हवालदार पोत्याचं तोंड शिवत होता. उजव्या हाताची तीन बोटं आत वळलेली, तळव्यावर जुन्या जखमेचा खड्डा, आणि तरी दाभण असा चालत होता की मी बघतच राहिलो. मी विचारलं, "हात कुणी बरा केला तुमचा?"

"बरा कुठं हाय? बघतोस न्हवं?" तो म्हणाला. "पर काम करतोय."

पहिल्या लढाईत बसऱ्याकडं गोळी लागून तो लष्कराच्या दवाखान्यात पडला होता. तिथं एक गोरी बाई होती. "औषध द्यायची न्हाय, काम द्यायची. टोपल्या विणा, जोडं शिवा, रंधा मारा. आमाला वाटायचं, फुकटात राबवून घेत्यात. लई शिव्या दिल्या तिला." मग त्यानं माझा हात पालथा-उलथा करून बघितला आणि दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, "काय काम यायचं तुला?" मी म्हणालो, विणायचो. "मग तेच करायचं," तो म्हणाला. दुसरी, "कुणावर राग हाय?"

"भावावर."

"लई?"

"लई."

"मग होतंय. राग नसलेली माणसं चार दिसांत पळून जात्यात."

दीड वर्ष मी आठवड्यातून दोनदा बेळगुंदीला चालत गेलो. तू समजत होतास मी उनाडतोय. तो हवालदार माझा डावा हात माझ्याच फेट्यानं कमरेला बांधून टाकायचा आणि उजव्यानं भातातली नाचणी निवडायला बसवायचा. विळ्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळून ती मुसळाएवढी जाड करायचा, कारण वळत नसलेल्या हाताला जाड वस्तूच धरता येते. मग दर आठवड्याला एक चिंधी सोडायचा. मूठ बारीक होत गेली तशी बोटं मिटत गेली. चिंध्या संपल्या तेव्हा सुंभ, सुंभ जमला तेव्हा सुतळी, आणि सुतळीनंतर सूत. पहिला धागा पिळला गेला त्या दिवशी तो नुसता म्हणाला, "आता दुसरा घे." दर धाग्याला मी मनात तुझं नाव घेत होतो, आणि ते प्रेमानं घेत नव्हतो.

शहापूरच्या एका ओळखीच्या घरी रिकाम्या मागावर मी लुगडं विणलं. सांधणी माझी, वीण माझी, काठ माझा. ते आणून तुझ्यापुढं ठेवलं. तू लुगडं उलगडलंस, उजेडाकडे धरलंस, काठावरून अंगठा फिरवत टोकापर्यंत गेलास. मग घडी घातलीस आणि म्हणालास, "काठ सैल हाय."

सैल होता, अण्णा. मलाही माहीत होतं. तरी ते शब्द मी जपून ठेवले.

तू मला कोपऱ्यातला जुना माग दिलास, मल्लू माझ्याच मागावर राहिला, आणि आपण एका छपरात तीन वर्षं पाठीला पाठ लावून विणलं. कामापुरतं बोललो. त्या काळात लोक मला शोधत यायला लागले. शहापूरच्या एका सुताराचा अंगठा, एका म्हातारीची भाजलेली बोटं. मी त्यांना हवालदाराकडे पाठवायचो, आणि तो वारला तेव्हा माझ्याकडेच बसवून घ्यायला लागलो. तुझ्या कपाळाला आठ्या पडायच्या, पण तू कुणाला हाकललं नाहीस.

मग तू पडलास. मागावरून उठलास तो सरळ मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यातच कोसळलास. उजवी बाजू लुळी झाली, जीभ जड झाली. बोलणं समजत होतं, पण हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. महिनाभर सगळे देव आणि सगळी तेलं झाली. मग वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भावजी, तेवढं बघा की त्यांच्या हाताचं."

"हवालदार मेला वहिनी."

"तुमी हाय की."

मी हो म्हणालो. वहिनीला वाटलं माया आली. खरं सांगतो, माया नव्हती. तुझा हात माझ्या हातात येतोय, एवढंच मला दिसत होतं.

तुला मी दारात बसवलं, जिथं माझं घोंगडं होतं तिथंच. वहिनी म्हणाली, आत बसवा, लोक बघत्यात. मी म्हणालो, आत उजेड नाही. आत भरपूर उजेड होता, आणि तुलाही ते माहीत होतं. तुझा डावा हात बांधला आणि पुढं भात-नाचणीचं सूप ठेवलं. वडगावातला नावाजलेला विणकर दारात बसून लहान पोरासारखी नाचणी निवडत होता आणि येणारा-जाणारा थांबून चौकशी करत होता. पहिले चार दिवस तू रागानं थरथरत होतास. पाचव्या दिवशी सूप लाथेनं उडवलंस. मी दाणे गोळा केले, पुन्हा मिसळले, पुन्हा पुढं ठेवले. हवालदारानंही माझ्याशी तेच केलं होतं, पण त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात होतं.

धोट्याला चिंध्या गुंडाळून तुझ्या मुठीत दिला, तो दिवस तुला आठवत असेल. थोड्या वेळानं तुझी बोटं सुटायला लागली. घाम फुटला होता. तू माझ्याकडे बघितलंस, बस्स म्हणून. आणि मी म्हणालो, "सोडू नको."

तुला कळलं. तुझ्या चेहऱ्यावर मी ते स्पष्ट बघितलं. तू सोडला नाहीस. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी मनात आकडे मोजत उभा होतो. मला बरं वाटलं, अण्णा. लाज वाटली म्हणून लिहिणार होतो, पण ते खोटं झालं असतं.

सहा महिन्यांनी तू राख लावून पहिला धागा जोडलास. धागा धरून माझ्यापुढं केलास, शाळेतलं पोर पाटी दाखवतं तसा. मी अंगठा फिरवून म्हणालो, "सैल हाय." तू क्षणभर बघत राहिलास आणि मग अर्ध्या तोंडानं हसायला लागलास. मलाही हसू आवरलं नाही. आपण दोघं दारात बसून इतके हसलो की वहिनी बाहेर आली. तेवढं एकदाच झालं. नंतर माझा मलाच राग आला, कारण हसलो म्हणजे मिटलं असं तू समजशील, आणि मिटलेलं काहीच नव्हतं. तू अजून बोलला नव्हतास. जीभ जड होती, पण वहिनीकडे तंबाखू मागण्याइतकी चालत होती.

निपाणीचे पाव्हणे आले त्या दिवसाचं सगळे सांगतात, पण अर्धंच सांगतात. तू दारात बसून धागे जोडत होतास. पाव्हणे म्हणाले, अण्णा, बोटं चालायला लागली की. तू मान वर केलीस आणि चार माणसांत, अडखळत, पण सगळ्यांना कळेल असं म्हणालास, "शिवानं दिला हात."

लोक इथंच थांबतात आणि डोळे पुसतात. पुढचं कुणी सांगत नाही. मी तिथंच उभा होतो. एवढी वर्षं ज्याच्या तोंडून चांगला शब्द ऐकायला तरसलो, तो शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "आणि माझा कुणी घेतला, ते बी सांग की पाव्हण्यांस्नी."

वहिनीनं चहाचे कप उचलले. तू खाली बघून धागा पिळत राहिलास आणि तो तुटला. पाव्हणे लगेच निघाले.

दिवेलागणीला वहिनी मागापाशी आली. "तुमाला बोलवत्यात."

"काय काम हाय?"

"सांगत न्हाईत. तुमालाच सांगायचं म्हणत्यात."

मला बरंच वाटलं. आता तू बोलवणार आणि मी जाणार नाही, आता तू थांबायचंस. मी धोटा टाकत राहिलो आणि म्हणालो, "बसू दे वाट बघत. सकाळी येतो म्हण." मग पोटभर जेवलो आणि शांत झोपलो.

सकाळी वहिनीच्या ओरडण्यानं उठलो. तू झोपेतच गेला होतास.

वहिनी म्हणते, तू माफी मागणार होतास, तुझ्या डोळ्यांवरून तिला कळलं होतं. मला वाटतं, राख संपली, चाळून ठेव, एवढंच सांगायचं असेल तुला. तुला मी चांगला ओळखतो. पण खातरीनं आता कुणीच सांगू शकत नाही, आणि ती सोयसुद्धा तू तुझ्या बाजूनं करून गेलास. लोक तुला मोठ्या मनाचा म्हणतात आणि मला समजूत घालतात. आज तेराव्याच्या पंगतीत शहापूरची एक बाई नवऱ्याला घेऊन आली, त्याचा हात गिरणीत सापडलाय. इथं हात शिकवणारा कोण आहे, असं तिनं दारात विचारलं. मल्लूनं माझ्याकडे बोट केलं. उद्यापासून तो माणूस तुझ्या जागेवर बसेल. मी त्यालाही विचारणार आहे, कुणावर राग आहे का.

माझा अजून आहे. तू गेलास म्हणून तो कमी झालेला नाही, आता तर त्याला जायला जागाच राहिली नाही. त्या दिवशी पाव्हण्यांपुढं बोललो ते मी मागं घेत नाही. संध्याकाळी आलो नाही, एवढ्याचं मात्र काय करावं ते मला कळत नाही. मी सहा वर्षं वाट बघितली, अण्णा. तुला एक रात्र काढता आली नाही.